घाटापलीकडचा वर्ग : दूरस्थ अभियांत्रिकी अध्यापनाचा दोनशे वर्षांचा प्रवास

#थ्रेड

१/
नाशिकहून पेठ सुमारे पन्नास किलोमीटर. सावळघाट आणि कोटंबी घाट ओलांडले की भात, नागली आणि वरईचा मुलूख सुरू होतो. १८७८ पर्यंत हे एक स्वतंत्र संस्थान होते. अखेरच्या बेगमेच्या निधनानंतर ते ब्रिटिशांनी खालसा केले. आज तो कोकणा, महादेव कोळी आणि वारली समाजांची मोठी वस्ती असलेला, गुजरातच्या सीमेला टेकलेला आदिवासी तालुका आहे. पावसाळ्यात इथे पाऊस भरपूर असतो, मोबाइलची रेंज मात्र बेतास बात.

२/
२०२० च्या पावसाळ्यात मी नाशिक परिसरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात नव्यानेच शिकवू लागलो होतो. विषय द्रवयांत्रिकी. संपूर्ण वर्ग पडद्यावर. पेठ तालुक्यातील एका पाड्यावरचा विद्यार्थी सलग तीन आठवडे गैरहजर होता आणि मी निमूटपणे त्याच्या नावापुढे फुली मारत होतो. अखेरीस फोन केला, तेव्हा कळले : घरात मोबाइल एकच, तो वडील कामावर जाताना नेतात, रेंज मिळते ती टेकडीवर, आणि पावसात तिथे उभे राहणे अशक्य.

३/
त्या दिवशी मला वाटले की ही अडचण महामारीने निर्माण केली. पुढे वाचत गेलो, तेव्हा समजले की ती बरीच जुनी आहे. समोर नसलेल्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकी कशी शिकवावी, हा प्रश्न आपल्याकडे आणि जगात अनेक पिढ्यांच्या नवशिक्या शिक्षकांपुढे उभा राहिला आहे. प्रत्येक पिढीने प्रथम जवळपास एकच चूक केली, आणि ज्यांना मार्ग सापडला त्यांना तो जवळपास एकाच ठिकाणी सापडला. त्याचाच हा धागा.

४/
पहिले अंतर मैलांचे नव्हतेच, ते भाषेचे होते. १८२३ मध्ये कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मुंबईत सरकारी ‘इंजिनिअर इन्स्टिट्यूशन’ सुरू झाली. सर्वेक्षण आणि बांधकाम खात्याला हाताखालची माणसे हवी होती. पण गणित आणि भूमापन यांची पुस्तके इंग्रजीत. जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारख्या पंडितांच्या साहाय्याने गणिताची पुस्तके मराठीत आणली आणि वर्ग देशी भाषांतून चालवले. विद्यार्थी समोर बसला असूनही तो दूर असू शकतो, हे या संस्थेने ओळखले होते. काही वर्षांतच ती बंद पडली.

५/
१८५४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीचा वर्ग आणि यांत्रिक शाळा सुरू झाली. तिचेच पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. तेथून बाहेर पडलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्यात साहाय्यक अभियंता म्हणून नाशिकलाच रुजू झाले. या काळातल्या शिक्षणाचा पाया स्पष्ट होता : वर्गात सूत्र, कार्यशाळेत हात आणि बांधकामाच्या जागेवर चूक. तिन्ही ठिकाणी गुरू शेजारी उभा. अभियांत्रिकी दुरून शिकवता येईल, ही कल्पनाच या व्यवस्थेला परकी होती.

६/
ती कल्पना वास्तवात आली अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया प्रांतात, कोळशाच्या खाणींमुळे. खाणींतील अपघातांत माणसे मरत होती. म्हणून १८८५ च्या कायद्याने खाणीतील मुकादमांना परीक्षा सक्तीची केली. आता दिवसभर जमिनीखाली राबणाऱ्या माणसाने शिकायचे कुठे? थॉमस फॉस्टर हे खाणकामाला वाहिलेल्या पत्राचे संपादक. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देता देता त्यांनी १८९१ मध्ये स्क्रँटन येथे टपालाने खाणकाम शिकवणारा अभ्यासक्रम सुरू केला. तीच पुढची ‘इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स स्कूल्स’.

७/
फॉस्टर यांच्या लेखकांना एक गोष्ट उमगली होती. विद्यापीठातील पाठ्यपुस्तक जसेच्या तसे टपालात टाकले, तर ते लिफाफ्यातच राहते. म्हणून त्यांनी लहान लहान पुस्तिका केल्या : एका वेळी एकच कल्पना, भरपूर आकृत्या आणि शेवटी सोडवून परत पाठवायचे प्रश्न. नोंदणी लाखांच्या घरात गेली. तरीही बहुतेकांनी अभ्यासक्रम अर्धवट सोडला. धडा पोहोचत होता. पण कंटाळलेल्या, थकलेल्या माणसाला ‘अरे, पुढचा धडा कुठे आहे?’ असे विचारणारे कोणी नव्हते.

८/
भारतात या परंपरेला स्वतःचे रूप मिळाले. १९२० मध्ये ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स’ ही संस्था स्थापन झाली आणि १९२८ पासून तिच्या परीक्षा सुरू झाल्या. पुढे ‘एएमआयई’ ही अक्षरे घराघरांत पोहोचली. पाटबंधारे खात्यातील ओव्हरसिअर, रेल्वेतील फोरमन, कारखान्यातील ड्राफ्ट्समन दिवसभर नोकरी करत आणि रात्री टपालाने आलेल्या टिपणांवर अभ्यास करत. महाविद्यालयाची पायरी न चढता अभियंता होण्याचा तो प्रतिष्ठित, पण अतिशय एकाकी मार्ग होता.

९/
इथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. एएमआयई करणाऱ्याची प्रयोगशाळा त्याच्या नोकरीतच असे. पंप त्याच्यासमोर चालू असे, काँक्रीट त्याच्या डोळ्यांदेखत ओतले जाई. टपाल त्याला फक्त सूत्र पुरवत होते. हात अगोदरच कामावर होते. हातांना काम नसलेल्या, नुकत्याच बारावी झालेल्या मुलासाठी हीच पद्धत वापरली, तर ती लंगडी पडते. पुढील सगळे वाद या एका फरकाभोवती फिरले.

१०/
ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली आणि १९७१ मध्ये त्याचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. हातांच्या प्रश्नावर त्याने दिलेले उत्तर साधे आणि खर्चिक होते : प्रयोगशाळाच खोक्यात भरून घरी पाठवायची. विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगसंच टपालाने येत, उन्हाळ्यात काही दिवस निवासी वर्ग भरत आणि प्रत्येकाला गावाजवळचा एक शिक्षक-मार्गदर्शक नेमून दिलेला असे. दूरचित्रवाणीवरील व्याख्यानांची चर्चा अधिक झाली. पण गृहपाठावर सविस्तर शेरे लिहिणारा हा मार्गदर्शकच त्या व्यवस्थेचा कणा होता.

११/
आपल्याकडे १९७५-७६ मध्ये ‘साइट’ हा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम दिसले आणि हजारो प्राथमिक शिक्षकांना त्याच माध्यमातून विज्ञान-अध्यापनाचे प्रशिक्षण मिळाले. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर दिसू लागला. पुणे विद्यापीठातील माध्यम केंद्र त्यासाठी कार्यक्रम करणाऱ्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक. चित्र गावात आले. प्रश्न विचारण्याची वाट मात्र तेवढीच अरुंद राहिली.

१२/
१९८९ मध्ये हा इतिहास थेट नाशिकला येऊन पोहोचतो. गंगापूर धरणाजवळ, गोवर्धन शिवारात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. संस्थापक कुलगुरू डॉ. राम ताकवले त्यापूर्वी पुणे विद्यापीठाचे कुलगुरू होते. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेतलेल्या या विद्यापीठाने मराठीतून स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि राज्यभर अभ्यासकेंद्रे या दोन गोष्टींवर भर दिला. प्रचलित महाविद्यालयाच्या इमारतीत शनिवार-रविवारी भरणारे अभ्यासकेंद्र ही व्यवस्था दिसायला किरकोळ. पण घरापासून विद्यापीठापर्यंतचे अंतर तिने मध्येच तोडले.

१३/
याच सुमारास दूरस्थ शिक्षणाच्या अभ्यासकांमध्ये एक विचार रुजला होता. मायकेल मूर यांनी १९७० च्या दशकात मांडले, की शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातील खरे अंतर भौगोलिक नसते; ते समजुतीचे असते. संवाद कमी आणि अभ्यासक्रमाची चौकट ताठर असेल, तर हे अंतर वाढते. साठ जणांच्या वर्गातील शेवटच्या बाकावरचा मुलगा या हिशेबाने पेठच्या पाड्यावरील विद्यार्थ्याइतकाच दूर असू शकतो. नव्या अध्यापकाने पहिल्या दिवशी वाचावा असा हा विचार आहे. मी तो उशिरा वाचला.

१४/
२० सप्टेंबर २००४ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘एज्युसॅट’ अवकाशात गेला. केवळ शिक्षणासाठी सोडलेला तो भारताचा पहिला उपग्रह. तो जाण्यापूर्वीच इन्सॅट-३बी वरून प्राथमिक प्रयोग सुरू झाला होता आणि त्यासाठी निवडलेल्या तीन विद्यापीठांत बेळगावचे विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि नाशिकचे मुक्त विद्यापीठ होते. तिसरे मध्य प्रदेशातील राजीव गांधी विद्यापीठ. नाशिकला नोकरीचा आरंभ करणाऱ्या अभियंत्याच्या नावाचे विद्यापीठ आणि नाशिकचेच विद्यापीठ एका उपग्रहाखाली आले, हा योगायोग मोठा रम्य आहे.

१५/
उपग्रहवर्गात प्रथमच उभ्या राहणाऱ्या प्राध्यापकाची अवस्था विलक्षण असे. समोर कॅमेरा, मागे पडदा आणि शेकडो अदृश्य विद्यार्थी. फळ्यावर लिहिताना मागे वळून चेहरे वाचण्याची सवय निरुपयोगी. साहजिकच बहुतेकांनी नेहमीचे तासाभराचे व्याख्यान उचलून स्टुडिओत नेले. हीच ती प्रत्येक पिढीची पहिली चूक : माध्यम बदलले की शिक्षक प्रथम जुना वर्ग त्यात जसाच्या तसा ओततो. स्क्रँटनच्या पुस्तिका लिहिणाऱ्यांनी ती शंभर वर्षांपूर्वी टाळली होती. आपण ती पुन्हा केली.

१६/
२००३ मध्ये सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी ‘एनपीटीईएल’ सुरू केले. नामवंत प्राध्यापकांची संपूर्ण व्याख्याने हळूहळू सर्वांना विनामूल्य खुली झाली. गावाकडच्या महाविद्यालयातील नवख्या अध्यापकाला प्रथमच दिसले, की तोच विषय दुसरीकडे कसा शिकवतात. विद्यार्थ्यांइतकाच, किंबहुना काकणभर जास्त, उपयोग शिक्षकांना झाला. मात्र ही व्याख्याने पाहणारा वर्ग ही एक गोष्ट आणि शिकणारा वर्ग ही दुसरी.

१७/
माझ्या मते या इतिहासातील सर्वांत बोधप्रद प्रकरण आयआयटी मुंबईचे आहे. २००९ मध्ये केंद्राचे माहिती-तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्या अंतर्गत प्रा. दीपक फाटक यांनी अभियांत्रिकी शिक्षकांनाच दूरस्थ पद्धतीने प्रशिक्षण देण्याचे काम हाती घेतले. आधी एक हजार शिक्षक आणि नंतर दहा हजार, असे लक्ष्य. देशभरातील अभियांत्रिकी महाविद्यालये ‘दूरस्थ केंद्रे’ झाली. पवईतून थेट प्रक्षेपण होई आणि ‘ए-व्ह्यू’ या प्रणालीमुळे केंद्रातून उलट प्रश्नही विचारता येत.

१८/
त्यातील खरे कौशल्य प्रक्षेपणात नव्हते. मुख्य कार्यशाळेच्या आधी प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला पवईला बोलावून प्रत्यक्ष शिकवले जाई. मग व्याख्यान पवईहून. पण उदाहरणे सोडवणे आणि प्रयोग करणे हे त्या त्या केंद्रात, त्या समन्वयकाच्या नजरेखाली. म्हणजे सूत्र दुरून आणि हात जवळून. ब्रिटनचा गावाजवळचा मार्गदर्शक, मुक्त विद्यापीठाचे अभ्यासकेंद्र आणि आयआयटीचा समन्वयक ही एकाच कल्पनेची तीन रूपे आहेत. तारेच्या दुसऱ्या टोकाला एक जाणते माणूस हवे.

१९/
हातांसाठी आणखी एक प्रयत्न तिथेच झाला. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या गटाने एक छोटे, स्वस्त उपकरण केले : धातूची एक लहान पट्टी, तिला तापवणारी तार, गार करणारा पंखा आणि तापमान मोजणारा संवेदक. अशी अनेक उपकरणे पवईत मांडली आणि ती इंटरनेटला जोडली. दूरवरचा विद्यार्थी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामने पट्टीचे तापमान नियंत्रित करू शके. हे संगणकावरील चित्र नव्हते. खरी पट्टी खरोखर तापत होती आणि नियंत्रण चुकले की आलेख खरोखर भरकटत होता.

२०/
दुसरीकडे हातांचा प्रश्न टाळणाऱ्यांचे काय झाले, तेही पाहावे. काही अभिमत विद्यापीठांनी तंत्रशिक्षण परिषदेच्या मान्यतेशिवाय दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकी पदव्या वाटल्या. ३ नोव्हेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. आदर्श कुमार गोयल आणि न्या. उदय लळित यांच्या पीठाने २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या स्थगित केल्या आणि त्यांना परीक्षेची संधी दिली. त्यानंतरच्या पदव्या रद्द ठरवल्या. संस्थांच्या चुकीची झळ अखेर विद्यार्थ्यांच्या नोकऱ्यांना लागली.

२१/
आणि अवघ्या अडीच वर्षांत, मार्च २०२० मध्ये, देशातील प्रत्येक अभियांत्रिकी महाविद्यालय दूरस्थ झाले. अभ्यासकेंद्र नाही, समन्वयक नाही, प्रयोगसंच नाही. माझ्यासारख्या नवशिक्याने काय केले? जुनी चूक. साठ मिनिटांचे व्याख्यान, भरगच्च स्लाइड्स, ‘कॅमेरे चालू ठेवा’ असा आग्रह आणि दर पाच मिनिटांनी ‘समजले ना?’ असा प्रश्न. पलीकडे शांतता. त्या शांततेला मी होकार समजत होतो. खाणकामगाराचा न आलेला लिफाफाही असाच शांत असणार.

२२/
पेठच्या त्या फोननंतर तीन बदल केले. व्याख्यानाऐवजी दहा-दहा मिनिटांची, कमी आकाराची ध्वनिफीत आणि हाताने लिहिलेल्या दोन पानांचा फोटो. रेंज मिळेल तेव्हा उतरवून घ्यावा. हजेरी पडद्यावरच्या उपस्थितीवरून नव्हे, तर आठवड्याच्या गृहपाठावरून. आणि प्रयोग घरच्या वस्तूंवर : नळाखाली हंडा भरायला लागणारा वेळ मोजून विसर्ग काढा, टेबलाच्या कडेला पट्टी दाबून धरा, टोकाला नाणी ठेवा आणि लांबी बदलली की वाक किती पटींनी बदलतो ते पाहा.

२३/
त्या विद्यार्थ्याच्या पाड्यावर नळ नव्हता, ओहोळ होता. त्याला तरंगत्या वस्तूची पद्धत कळवली : दहा मीटर अंतर आखून पान सोडावे, वेळ मोजावा, पृष्ठभागाच्या वेगाला सुमारे ०.८५ ने गुणून सरासरी वेग काढावा आणि छेदाच्या क्षेत्रफळाने गुणावे. पूर आलेला असताना पाण्यात उतरायचे नाही, ही अट. त्याच्याकडे टेप नव्हती. त्याने सुतळीला मापाच्या गाठी मारल्या. रुंदी १.२ मीटर, सरासरी खोली ०.२५ मीटर, वेळ १६ सेकंद. उत्तर आले : सेकंदाला सुमारे १६० लिटर.

२४/
उत्तरापेक्षा त्याखाली लिहिलेली ओळ मोलाची होती. त्याने पाच वेळा पान सोडले होते. दोनदा ते दगडात अडकले आणि पाचही वेळा वेळ वेगळी आली. ‘सर, यातले खरे उत्तर कोणते?’ मोजमापातील अनिश्चितता हा धडा मी संपूर्ण सत्रात इतक्या नेमकेपणाने कुणाच्या गळी उतरवू शकलो नव्हतो. त्याला तो ओहोळाने शिकवला. ते पान मी नंतर वर्गातील सर्वांना दाखवले आणि त्या आठवड्यात प्रथमच शांतता मोडली. नाशिक शहरातल्या मुलांनीही प्रश्न विचारले.

२५/
ही यशोगाथा म्हणून सांगत नाही. त्याच सत्रात आणखी तिघांच्या नावांपुढे फुल्या होत्या. त्यांना मी फोन केला तो परीक्षेच्या तोंडावर. एक जण द्राक्षबागेत मजुरीला लागला होता; बाकीच्या दोघांचे क्रमांक बंद होते. तिघेही पुढच्या वर्षी पटावर नव्हते. त्यांचे शिक्षण केवळ माझ्या विलंबामुळे सुटले, असे म्हणणे मला फार मोठेपणा देण्यासारखे होईल. पण त्या विलंबाचा त्यात वाटा नव्हता, असे म्हणण्याचे धाडसही होत नाही.

२६/
दोनशे वर्षांचा हा प्रवास पाहून नव्या अध्यापकाने काय घ्यावे? माध्यम कोणतेही असो, जुना वर्ग त्यात ओतू नये; धडा लहान करावा. हातांना काम द्यावे, आणि प्रयोगशाळा नसेल तर विद्यार्थ्याच्या अंगणात ती शोधावी. दुसऱ्या टोकाला एक माणूस नेमावा. कोणी नसेल, तर ते माणूस आपणच व्हावे. आणि शांततेला होकार समजू नये.

२७/
आज पेठच्या रस्त्याने जाताना काही ठिकाणी नवे मनोरे दिसतात. अंतर काही अंशी कमी होईलही. पण टपाल आले, उपग्रह आला, इंटरनेट आले, आणि प्रत्येक वेळी ‘आता अंतर मिटले’ असे जाहीर झाले. प्रत्येक वेळी कुणीतरी घाटापलीकडे राहिलेच. म्हणून नव्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात मी अजूनही हजेरीपट घेऊन बसतो आणि ज्यांच्या नावापुढे दोन फुल्या पडल्या, त्यांना फोन करतो. तिसऱ्या फुलीची वाट पाहत नाही.

(समाप्त. आपण दुरून शिकला किंवा शिकवले असेल, तर आपला अनुभव खाली अवश्य लिहावा. विशेषतः एएमआयईच्या पिढीने.)